शिझुओका : छोट्या मोटारींचे मोठे गाव

टोकियोहून पश्चिमेकडे निघालेली शिंकान्सेन गाडी सुमारे तासाभरात शिझुओका शहरात पोहोचते. या मार्गावरील सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाड्या मात्र येथे थांबत नाहीत. त्या तशाच नागोया, क्योतो आणि ओसाकाकडे निघून जातात. निरभ्र दिवशी उजव्या हाताच्या खिडकीतून फुजी पर्वत दिसतो. प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात, पुन्हा आसनावर टेकतात आणि शिझुओका केव्हा मागे पडले हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ‘हिकारी’ किंवा ‘कोदामा’ गाडीने जो येथे मुद्दाम उतरतो, तो बहुधा काही कामासाठी उतरतो, नाहीतर एखाद्या छंदापायी.

शिझुओका या नावातील दोन अक्षरांचा अर्थ होतो ‘शांत टेकडी’. एका अंगाला सुरुगा आखात, दुसऱ्या अंगाला डोंगररांगा आणि उतारावर कातरल्यासारखे दिसणारे चहाचे मळे. जपानच्या हिरव्या चहासाठी हा प्रदेश पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी जपान एकछत्री करणाऱ्या तोकुगावा इएयासूने शोगुनपद पुत्राच्या हाती सोपवल्यानंतर उत्तरायुष्यासाठी हेच गाव निवडले आणि १६१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. एवढा इतिहास कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत सापडतो. पण स्थानकाबाहेर पडून शहरात चालू लागले की एक गोष्ट दिसते, जी पुस्तिका वाचूनही चटकन उलगडत नाही. रस्त्याच्या कडेला एक टपालपेटी उभी आहे. मात्र ती सुटी नाही. लोखंडी दांड्यांच्या एका मोठ्या चौकटीत तिचे भाग जोडलेले आहेत, जणू कोणी अजस्र हात येईल, कात्रीने ते भाग कापून घेईल आणि मग पेटी जोडील. पेटी खरी आहे. तिच्यात टाकलेले पत्र पोहोचते. अशाच चौकटीत बसवलेला सार्वजनिक दूरध्वनीही या शहरात आहे.

ज्यांनी लहानपणी प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून एखादे विमान किंवा मोटार जोडली असेल, त्यांना ही चौकट पाहताक्षणी ओळखू येते. संचाचा डबा उघडल्यावर सारे भाग अशाच चौकटीत, बारीक दांड्यांना चिकटलेले मिळतात. २०२१ पासून शहराने ही अनोखी स्मारके उभारण्यास सुरुवात केली. जपानमध्ये तयार होणाऱ्या प्लास्टिक प्रतिकृतींपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल शिझुओकातून बाहेर पडतो, असे हे शहर अभिमानाने सांगते. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी ही नावे जगभरच्या हौशी कारागिरांना पाठ आहेत आणि या सर्वांचे मूळ याच परिसरात आहे.

लाकडाचे गाव

प्लास्टिकचा हा व्यवसाय नेमका येथेच का रुजला, या प्रश्नाचे उत्तर लाकडात आहे. तिसरा शोगुन इएमित्सू याच्या काळात येथील सेनगेन देवस्थानाचे मोठे बांधकाम निघाले. त्यासाठी देशभरातून सुतार, कोरीवकाम करणारे आणि लाखेचे रोगण चढवणारे कारागीर बोलावण्यात आले. काम संपले, पण पुष्कळसे कारागीर परत गेले नाहीत. हवा सौम्य होती, मागच्या डोंगरात लाकूड मुबलक होते आणि पूर्वेकडील राजधानीला जाणारा तोकाइदो हा राजमार्ग दारावरून जात होता. त्यांच्या वंशजांनी पेट्या, फर्निचर, बाहुल्या, लाखेची भांडी असे नाना उद्योग येथे वाढवले. परंपरा सांगते ती अशी.

विसाव्या शतकात याच हातांना नवे काम मिळाले. आओशिमा ही पेढी १९२४ मध्ये एका विमानवेड्या गृहस्थाने सुरू केली आणि पुढे ती शाळकरी मुलांसाठी लाकडी विमानांच्या प्रतिकृती करू लागली. हे साहित्य मुख्यतः शाळांतील हस्तव्यवसायासाठी जाई. येथील उत्पादकांच्या सहकारी संघाच्या नावात ‘प्रतिकृती’ या शब्दाशेजारी ‘शैक्षणिक साहित्य’ हा शब्द आजही टिकून आहे, तो त्या काळाची खूण म्हणून.

१९४५ च्या जून महिन्यातील हवाई हल्ल्यात शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी आणि लाकडाचा व्यापार सुरू केला. जळालेल्या शहराला घरे बांधायची होती; लाकडाला मागणी होती. जोडधंदा म्हणून पेढीने लवकरच लाकडी प्रतिकृतींचे संचही काढले. परंतु १९५१ मध्ये आग लागली आणि लाकडाची वखार भस्मसात झाली. गिरणी पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. मूळ धंदा गेला आणि जोडधंदा हाच धंदा झाला.

बुडीत खाते

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला या पेढीची पुढची दहा वर्षे अधिक परिचयाची वाटतील. योशिओ यांचे थोरले पुत्र शुनसाकू हे वासेदा विद्यापीठातील शिक्षण संपवून १९५८ मध्ये पेढीवर आले. त्याच सुमारास अमेरिकेतून प्लास्टिकच्या प्रतिकृती जपानमध्ये येऊ लागल्या होत्या. लाकडाच्या संचात मुलाला ठोकळा तासून घासून आकार द्यावा लागे. प्लास्टिकच्या संचात पत्र्यावरचा रिव्हेटसुद्धा आयता उमटलेला असे. दुकानदार लाकडी माल घेण्यास कुरकुर करू लागले. लाकूड सोडून प्लास्टिककडे वळण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

या वळणावर मोठी अडचण होती ती साच्यांची. प्लास्टिकचा दाणा स्वस्त मिळतो. परंतु तो वितळवून ज्या पोलादी साच्यात दाबून भरायचा, त्या साच्यावर आधी मोठी रक्कम ओतावी लागते. ती रक्कम हजारो नग विकले तरच परत येते. तामियांनी कर्जाचा भार पत्करून १९६० मध्ये ‘यामातो’ या जहाजाची प्रतिकृती बाजारात आणली. किंमत होती ५०० येन. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या एका उत्पादकाने त्याच जहाजाचा संच ३५० येनला आणला. तामियांना किंमत उतरवावी लागली आणि साच्याचा खर्चही वसूल झाला नाही. गोदामात माल आणि खात्यावर तूट अशी अवस्था झाली. काही काळ पेढीला पुन्हा लाकडी मालाचा आधार घ्यावा लागला.

या पडत्या काळात पेढीला हात दिला तो एका चिमुकल्या मोटारीने. भेटवस्तू म्हणून वाटायच्या प्लास्टिक खेळण्यांचे जुने साचे पेढीच्या हाती लागले होते. त्यांतून ‘बेबी रेसर’ नावाच्या लहान, स्वस्त शर्यतीच्या मोटारींचे संच निघाले. या संचांत काही कारागिरीचा थाट नव्हता. मात्र मुलांच्या खाऊच्या पैशांत ते बसत होते. ते भराभर खपले आणि पेढीच्या हाती पुन्हा थोडे भांडवल खेळू लागले. त्या बळावर पुढचा संच, बॅटरीवर चालणाऱ्या रणगाड्याचा, निघाला. तो इतका चालला की पेढीने मागे वळून पाहिले नाही. शुनसाकूंचे धाकटे बंधू मासाओ यांनी त्याच काळात पेढीसाठी एक बोधचिन्ह रेखाटले. शेजारी शेजारी दोन चौकोन आणि त्यांत दोन तारे. लाल उत्कटतेचा आणि निळा अचूकतेचा. आज जगातल्या कोणत्याही खेळण्यांच्या मोठ्या दुकानात हे दोन तारे दिसतात.

बाहेरच्या साचेकारांवर अवलंबून राहण्यात खर्चही जाई आणि वेळही. ठरलेल्या दिवशी साचा मिळाला नाही की हंगाम हातचा जाई. म्हणून पेढीने स्वतःचा साचे विभाग उभा केला. डब्याबाबतही एक नियम हळूहळू पाळला जाऊ लागला. पूर्वी डब्यावर रोमहर्षक देखावा असे. आकाशात विमाने, मागे डोंगर, धुराचे लोट. पुढे संचात नसलेल्या वस्तू चित्रांतून वगळण्यात आल्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर फक्त आतल्या मोटारीचे चित्र, अशी पद्धत रूढ झाली. बाहेर जे दिसते तेच आत मिळेल, हा गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता.

सुटी केलेली मोटार

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोतील शर्यतीत होंडाच्या मोटारीने पहिला क्रमांक पटकावला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जपानी मोटारीचा तो पहिला विजय होता. युद्धानंतर वीस वर्षांत देशाने काय साधले, याचा तो जणू पुरावाच होता. होंडाच्या पुढच्या मोटारीची, आरए २७३ ची, प्रतिकृती करण्याचे तामियांनी ठरवले. होंडाने आराखडे दिले. १९६७ मध्ये एकास बारा या प्रमाणातील संच बाजारात आला. तीन लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनातून निघणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या निकास नळ्या त्यात एकेक करून जोडाव्या लागत. मोटारीच्या बाहेरच्या आकाराइतकेच तिच्या पोटातल्या रचनेला महत्त्व द्यायचे, ही रीत येथे ठरली.

या रीतीची खरी कसोटी लागली ती पोर्शेच्या वेळी. ९११ या प्रसिद्ध मोटारीच्या शर्यतीसाठी बनवलेल्या ९३४ या रूपाची प्रतिकृती करायची होती. छायाचित्रे घेतली, मापे घेतली. तरी काही भाग झाकलेलेच राहत होते. अंदाजाने काम भागले असते. संच जोडणाऱ्या शंभरांतील नव्व्याण्णव जणांना चूक कळलीही नसती. परंतु शुनसाकूंनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती शिझुओकात आणून तिचा भागन् भाग सुटा केला. हव्या त्या साऱ्या गोष्टी मोजून झाल्या. मग मोटार पुन्हा जोडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र पेढीतील मंडळींचे हात टेकले आणि पोर्शेच्या जाणकार तंत्रज्ञांना पाचारण करावे लागले.

एवढ्या खर्चाचा संच नुसत्या हौशी गिऱ्हाइकांवर वसूल होणे कठीण होते. तेव्हा त्याच साच्यातून निघणाऱ्या सांगाड्याखाली बॅटरी आणि मोटर बसवून रेडिओवर दुरून चालवता येणारी गाडी काढण्याची कल्पना पुढे आली. १९७६ च्या अखेरीस ती बाजारात आली आणि पेढीला एक अगदी नवा व्यवसाय मिळाला. रेडिओवर चालणाऱ्या मोटारींनी तामियांचे नाव घराघरांत पोहोचवले. ज्या खर्चाला कोणत्याही हिशेबनिसाने आक्षेप घेतला असता, तोच खर्च शेवटी सर्वांत लाभाचा ठरला. मात्र मोटार विकत घेताना हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ती पोर्शे आजही पेढीच्या शिझुओकातील मुख्य कार्यालयात ठेवलेली आहे. तिच्या सोबतीला टायरेल पी ३४ ही सहा चाकांची विलक्षण शर्यतीची मोटार आहे. १९७६ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत या जातीच्या मोटारींनी पहिले आणि दुसरे असे दोन्ही क्रमांक मिळवले होते. पुढे चार छोटी चाके आणि मागे दोन मोठी, असा तिचा घाट. प्रवासी तिच्याभोवती फिरतात, वाकून पुढची चाके पाहतात आणि मग शेजारच्या कपाटातील तिच्या छोट्या प्रतिकृतीकडे वळतात. एकदा खऱ्या मोटारीकडे आणि एकदा प्रतिकृतीकडे, अशी नजर पुन्हा पुन्हा फिरत राहते.

अठरा सेंटिमीटरचे जग

मोटारींच्या प्रतिकृतींत सर्वांत प्रचलित प्रमाण एकास चोवीस हे आहे. फूट आणि इंच यांच्या हिशेबात अर्धा इंच म्हणजे एक फूट. ४.३ मीटर लांबीची मोटार या प्रमाणात सुमारे १८ सेंटिमीटरची होते, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. पाच सेंटिमीटर रुंदीचा आसनपट्टा दोन मिलिमीटरचा होतो. या जगात उतरणाऱ्याला सर्वांत आधी हा भागाकार अंगवळणी पाडून घ्यावा लागतो, कारण प्रत्येक चूकही त्याच प्रमाणात पाहिली जाते. रंगाचा थर मिलिमीटरचा एक दशांश एवढा जरी जाड बसला, तरी खऱ्या मोटारीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप ठरेल. दाराच्या कडेची बारीक खाच अशा लेपाखाली बुजून जाते आणि मोटार मोटारीसारखी न दिसता साबणाच्या वडीसारखी दिसू लागते.

म्हणून जाणता कारागीर घाई करत नाही. डबा उघडल्यावर तो प्रथम सूचनापत्रिका आरंभापासून शेवटपर्यंत वाचतो. चौकटीतील भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुतो, कारण साच्यातून सुटताना लागलेला तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. भाग कापताना तो दोनदा कापतो. पहिल्यांदा दांडीपासून थोडे अंतर राखून आणि मग उरलेला बारीक खुंट भागाच्या अगदी लगत. एकाच झटक्यात कापले तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग उमटतो. त्यानंतर भाग न चिकटवता एकमेकांत बसवून पाहायचे. येथे वापरला जाणारा चिकटद्रव हा खरे तर गोंद नव्हेच. तो प्लास्टिकला किंचित विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर दोन भागांचा एकच भाग झालेला असतो. चूक झाली तर ती सहज सुटत नाही. काचेसारख्या पारदर्शक भागांना हा द्रव चालत नाही, डाग पडतो. तेथे वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा डिंक वापरतात.

मोटारीच्या प्रतिकृतीत सर्वांत अवघड काम म्हणजे सांगाड्याची चकाकी. जहाजावर किंवा रणगाड्यावर गंज, चिखल, धूर रंगवता येतो आणि त्याखाली पुष्कळ चुका लपतात. नवी कोरी मोटार मात्र आरशासारखी हवी. आधी अस्तराचा रंग, तो अगदी बारीक कागदाने घासायचा, मग रंगाचे तीनचार विरळ थर, प्रत्येक थरानंतर थांबणे. त्यावर क्रमांक आणि पट्ट्यांची पाण्यात भिजवून सरकवायची चित्रे, त्यावर पारदर्शक रोगण. मग कित्येक दिवस सांगाडा झाकून ठेवायचा. पूर्ण वाळल्यावर २००० क्रमांकाच्या कागदाने, पाणी लावून, पुन्हा घासायचे. या टप्प्यावर सारी चकाकी जाते आणि नवख्याचा धीर सुटतो. पण त्यानंतर मऊ कापडाने पॉलिश घासू लागले की हळूहळू खिडकीचे प्रतिबिंब त्या छपरावर उमटते. धुळीचा एक कण, हाताचा एक ठसा यांनी आठवड्याचे काम वाया जाऊ शकते. अनुभवी मंडळी अशा वेळी सांगाडा बाजूला ठेवतात, रंग पूर्ण वाळू देतात, डाग घासून काढतात आणि तो थर पुन्हा देतात. रंग आणि द्रव उग्र असतात म्हणून खिडकी उघडी ठेवणे व तोंडाला पट्टी बांधणे, हे नियम घरातल्या मुलांसाठीच नव्हे तर मोठ्यांसाठीही आहेत.

याहून पुढे जाणारे हौशी संचात नसलेल्या गोष्टीही घडवतात. इंजिनातील ठिणगीच्या तारा केसासारख्या बारीक तारेने ओढतात, गालिच्यासाठी मखमली भुकटी शिंपडतात, आसनपट्ट्याला खरी कापडी फीत लावतात. त्यांतले बरेचसे काम मोटार पूर्ण झाल्यावर दिसत नाही. छत बसले की आतला गालिचा अंधारात जातो. बॉनेट मिटले की तारा झाकल्या जातात.

मे महिन्यातील मेळा

शिझुओकाचा हा सारा व्यवहार मे महिन्यात ट्विन मेस्से या प्रदर्शनगृहात एकवटतो. १९५९ पासून येथे प्रतिकृतींचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. आरंभी ते निव्वळ व्यापाऱ्यांचे होते आणि आजही पहिले दिवस व्यापाऱ्यांसाठी राखलेले असतात. घाऊक विक्रेते आणि दुकानदार नव्या संचांचे नमुने पाहतात, भाव काढतात, मागणी नोंदवतात. वर्षभराचा अंदाज या दोन दिवसांत बांधला जातो. अलीकडच्या वर्षांत शाळकरी मुलांसाठीही वेगळा वेळ ठेवला जातो. शनिवारी आणि रविवारी दारे सर्वांसाठी उघडतात, आणि मग स्थानकापासून प्रदर्शनगृहापर्यंत माणसांची रीघ लागते. त्याच सुमारास तामिया आपले मुख्य कार्यालयही लोकांसाठी खुले ठेवते.

१९९० पासून या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडू लागली. देशभरातील हौशी मंडळांनी आपापले काम आणून मांडावे, असे आवाहन करण्यात आले. आज जपानमधून आणि परदेशांतूनही दोनशेहून अधिक मंडळे येतात. एका विशाल सभागृहात लांबच लांब टेबले आणि त्यांवर हजारो प्रतिकृती. कोठे एकाच मोटारीच्या वीस वर्षांतील सर्व आवृत्त्या रांगेने उभ्या, कोठे पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर थांबलेली टॅक्सी, कोठे गवतात गंजत पडलेली जुनी गाडी, जिच्या फुटलेल्या दिव्यातून एक रोपटे उगवलेले. टेबलामागे ती घडवणारी माणसे बसलेली असतात. कारकून, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त यंत्रकामगार. पाहणारा वाकून पाहू लागला की ते बोलत नाहीत. त्याने प्रश्न विचारला तर मात्र उत्तर बराच वेळ चालते आणि बोलता बोलता बॉनेट अलगद उचलले जाते.

या टेबलांमागे पिकलेले केस पुष्कळ दिसतात. बेबी रेसर घेऊन खेळलेली मुले आज आजोबा झाली आहेत. अनेकांच्या घरी न उघडलेल्या डब्यांची चळत छताला लागलेली असते. निवृत्तीनंतर जोडू, म्हणून घेऊन ठेवलेले संच. जपानीत अशा चळतीला एक गमतीचे नावही आहे. पण डोळे मंदावतात, हात थरथरू लागतात आणि डबे तसेच राहतात. मुलांसमोर आता पडद्यावर चालणारे खेळ आहेत. आठवडाभर रंग वाळण्याची वाट पाहणे त्यांना कोण शिकवणार, हा प्रश्न शिझुओकात प्रत्येक पेढीपुढे आहे. चौकटीतली टपालपेटी रस्त्यावर उभी राहिली ती याच प्रश्नापोटी. शाळेच्या वाटेवर चालणाऱ्या मुलाला आपल्या गावाचे काम रोज दिसावे, हा त्यामागील हेतू.

तामियांच्या घरालाही हा प्रश्न चुकला नाही. शुनसाकूंनी कारभार जावई मासायुकी यांच्या हाती सोपवला होता. २०१७ मध्ये मासायुकींचे अकाली निधन झाले आणि ऐंशी ओलांडलेल्या सासऱ्याला पुन्हा कारभार हाती घ्यावा लागला. वडिलांची जळालेली वखार, यामातोचा तोटा, सुटी केलेली पोर्शे हे सारे पाहिलेल्या त्या गृहस्थांनी जावयाच्या रिकाम्या खुर्चीची जबाबदारीही उचलली. २०२५ च्या जुलैमध्ये, वयाची नव्वद वर्षे पूर्ण केल्यानंतर, त्यांचे निधन झाले. पेढीचे काम चालू आहे. दोन ताऱ्यांचे डबे पूर्वीसारखेच दुकानांत येतात.

प्रदर्शनात लहान मुलांसाठी एक कोपरा असतो. तेथे एखादा सोपा संच, एक छोटी कात्री आणि शेजारी शिकवणारा वडीलधारा माणूस. मूल घाईने कात्री लावू पाहते. शिकवणारा त्याचा हात धरत नाही. फक्त स्वतःच्या हातातील भाग दांडीपासून थोडा दूर कापून दाखवतो आणि मग उरलेला खुंट. मूल पाहते आणि दुसरा भाग दोनदा कापते.

रविवारी दुपारनंतर सभागृह ओसरू लागते. टेबलामागची माणसे कापूस आणि मऊ कागद लावलेल्या पेट्या काढतात. आलेल्या शेकडो प्रेक्षकांपैकी किती जणांनी तारा ओढलेले ते इंजिन पाहिले असेल? दहा, फार तर वीस. कारागीर शेवटचे एकदा बॉनेट उचलतो, ब्रशने आतली धूळ झटकतो, बॉनेट मिटतो आणि अठरा सेंटिमीटरची मोटार पेटीत ठेवतो. बाहेर टपालपेटी चौकटीत उभी असते. कोणी तरी घरी जाताना तिच्यात एक पोस्टकार्ड टाकतो आणि स्थानकाकडे चालू लागतो.